हृदयाच्या ठोक्यांना लिपी देणारा प्राध्यापक

रुग्णालयात काढला जाणारा ई.सी.जी. आज सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्या कागदावरील चढउतारांमागे हॉलंडमधील लायडन विद्यापीठातील एका प्राध्यापकाची दोन तपांची साधना आहे. वैद्यकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांची सांगड घालणाऱ्या विलेम आइंटहोवेन यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

छातीत कळ आली किंवा धडधड वाढली, की डॉक्टर सर्वप्रथम ई.सी.जी. काढावयास सांगतात. हातापायांना आणि छातीला तारा जोडल्या जातात, काही मिनिटांत चौकटींच्या कागदाची पट्टी बाहेर येते आणि तिच्यावरील रेषेवरून डॉक्टर हृदयाची अवस्था ताडतात. ही तपासणी इतकी सवयीची झाली आहे, की तिच्याकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. परंतु या तपासणीची परिभाषा, तिची मोजमापे आणि तारा जोडण्याची मूळ पद्धत एका शतकापूर्वी ज्यांनी निश्चित केली, त्या आइंटहोवेन यांचे नाव मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणास ठाऊक नसते.

जैववैद्यकीय अभियांत्रिकी हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीचा तो काळ. त्या काळात शरीरक्रियाविज्ञानाच्या या प्राध्यापकाने आपल्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र, गणित आणि यंत्रशाळेतील कारागिरी एकत्र आणली.

जावा ते युट्रेख्ट

विलेम आइंटहोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग या शहरी झाला. आज इंडोनेशियात असलेला हा प्रदेश तेव्हा डच वसाहतीत मोडत होता. वडील याकोब हे पेशाने डॉक्टर होते. आई लुईस ही वसाहतीच्या अर्थखात्याच्या संचालकांची कन्या. सहा भावंडांत विलेम हे तिसरे. मुलग्यांमध्ये मात्र सर्वांत थोरले. विलेम सहा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर चार वर्षांनी, १८७० मध्ये, आई मुलांना घेऊन मायदेशी परतली आणि युट्रेख्ट या गावी कुटुंब स्थिरावले.

शालेय शिक्षण पूर्ण होताच विलेम यांनी युट्रेख्ट विद्यापीठात वैद्यकशाखेत प्रवेश घेतला. वडिलांचाच व्यवसाय पुढे चालवावा, असा त्यांचा मानस होता. अभ्यासाइतकीच त्यांना मैदानाची ओढ होती. विद्यार्थ्यांच्या व्यायाम व तलवारबाजी संघटनेचे ते अध्यक्ष होते आणि नौकानयन मंडळाच्या संस्थापकांपैकी एक होते. एकदा खेळताना पडून त्यांचे मनगट मोडले. सक्तीच्या विश्रांतीच्या त्या दिवसांत त्यांनी आपल्याच हाताचे निरीक्षण आरंभले. तळहात उताणा व पालथा करताना कोपराच्या आणि खांद्याच्या सांध्यांत नेमके काय घडते, याचा शोध घेऊन त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. शरीराकडे यंत्र म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी या निबंधात प्रथम दिसून येते.

नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ व नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. रंगभेदामुळे वस्तूंच्या खोलीचा भास कसा होतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षी लायडन विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापकपद रिक्त झाले आणि त्या जागी आइंटहोवेन यांची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस! वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८६ मध्ये ते त्या पदावर रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी फ्रेडरिक द व्होगेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन कन्या व एक पुत्र अशी चार अपत्ये झाली.

लायडनचे वातावरण त्यांच्या वृत्तीला मानवणारे होते. सैद्धांतिक भौतिकीचे हेन्ड्रिक लोरेन्ट्झ आणि अतिशीत तापमानावर संशोधन करणारे कामरलिंग ऑनस हे दोन भावी नोबेल मानकरी त्याच विद्यापीठात कार्यरत होते. ऑनस यांनी तर उपकरणे घडविणाऱ्या कारागिरांसाठी १९०१ मध्ये स्वतंत्र विद्यालय सुरू केले. विज्ञानाला जितकी बुद्धी लागते तितकेच कुशल हातही लागतात, ही जाण त्या विद्यापीठात रुजलेली होती.

पाऱ्याच्या नळीची मर्यादा

आकुंचन पावणाऱ्या हृदयातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे विज्ञानाला नवे नव्हते. इटलीचे कार्लो मातेउची यांनी १८४२ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून ते दाखविले होते. पुढे लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये छाती न उघडता, केवळ त्वचेवरून, मानवी हृदयाच्या विद्युतप्रवाहाची नोंद केली. बासेल येथे १८८९ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता वॉलर यांनी आपला प्रयोग करून दाखविला. उपस्थितांमध्ये एकोणतीस वर्षांचे आइंटहोवेन होते.

वॉलर यांचे उपकरण म्हणजे केसासारखी बारीक काचनळी. तिच्यात पारा आणि त्यावर गंधकाम्ल. विद्युतदाब बदलला, की पाऱ्याचा पृष्ठभाग किंचित वरखाली होई आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्रपट्टीवर उमटे. यात एक मोठी उणीव होती. पारा जड आणि त्यामुळे सुस्त. हृदयातील विद्युतबदल सेकंदाच्या शतांश भागांत घडतात, तर पारा त्यांच्या मागोमाग रेंगाळत येई. पट्टीवर उमटणारी रेषा हृदयाची कमी आणि पाऱ्याच्या आळसाची अधिक असे.

आइंटहोवेन यांनी प्रथम हेच उपकरण हाती घेतले. रस्त्यावरून घोडागाड्या गेल्या, की प्रयोगशाळेची जमीन हादरे आणि नोंदी बिघडत. हा त्रास टाळण्यासाठी त्यांनी जमीन खोदून तेथे दगड भरविले, पण त्याचाही उपयोग झाला नाही, असे सांगितले जाते. अखेरीस त्यांनी गणिताचा आधार घेतला. पारा किती मागे पडतो, याचा हिशेब मांडून मूळ आलेख कसा असावा, हे त्यांनी आकडेमोडीने शोधून काढले. या सुधारित आलेखात त्यांना पाच ठळक चढउतार आढळले. १८९५ मध्ये त्यांनी त्यांना पी, क्यू, आर, एस आणि टी अशी नावे दिली. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, अर्थात अलिंदांत, पसरणारी विद्युतलहर. क्यू-आर-एस म्हणजे खालच्या बळकट निलयांतील लहर. आणि टी म्हणजे निलय पुन्हा पूर्वस्थितीवर येण्याची खूण. इंग्रजी वर्णमालेच्या मध्यावरील अक्षरे घेतल्याने पुढेमागे नव्या खुणांना जागा राहिली. आजही जगभरचे डॉक्टर याच अक्षरांत हृदयाचा आलेख वाचतात.

परंतु प्रत्येक रुग्णाच्या नोंदीमागे एवढी आकडेमोड करीत बसणे व्यवहारात अशक्य होते. मुळातच खरी रेषा काढणारे उपकरण हवे होते.

एका धाग्याची करामत

त्या काळी सूक्ष्म प्रवाह मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धारामापकात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे टांगलेले असे. प्रवाह वाहिला, की वेटोळे फिरे. वेटोळ्याचे वजन जेवढे अधिक तेवढी त्याची हालचाल मंद. हे वजन घटवीत घटवीत गेल्यास अखेरीस काय उरेल, या विचाराने आइंटहोवेन एका टोकाच्या उत्तरापर्यंत पोहोचले. वेटोळे नकोच, दोन ध्रुवांमध्ये ताणलेला एकच सरळ धागा पुरे! फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांनी १८९७ मध्ये समुद्रतळावरील तारायंत्राचे संदेश टिपण्यासाठी अशाच धर्तीचे साधन बनविले होते. मात्र, सूक्ष्म प्रवाहाचे अचूक मोजमाप करण्याइतकी संवेदनक्षमता त्यात नव्हती. ती आणण्याचे श्रेय आइंटहोवेन यांचे.

त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युतदाब एका व्होल्टच्या साधारण हजाराव्या भागाएवढा असतो. आज इलेक्ट्रॉनिक परिपथ तो सहज वाढवून घेतात. त्या काळी ती सोय नव्हती. जे काही टिपायचे ते धाग्यानेच टिपावयास हवे होते. त्यासाठी धागा अत्यंत हलका आणि चुंबक अत्यंत शक्तिशाली असणे अपरिहार्य होते.

असा धागा त्यांनी क्वार्ट्झपासून मिळवला. क्वार्ट्झ तापवून वितळवायचा, त्याला बाण चिकटवायचा आणि धनुष्यातून तो बाण सोडायचा. बाणामागोमाग वितळलेल्या क्वार्ट्झचा तंतू ओढला जाई. मानवी केसाच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढी त्याची जाडी असे. क्वार्ट्झमधून वीज वाहत नाही. म्हणून त्यावर चांदीचा अतिपातळ मुलामा दिला जाई. हा जवळजवळ अदृश्य धागा प्रचंड विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसविला जाई. ध्रुवांना आरपार भोके पाडून त्यांत सूक्ष्मदर्शकाची भिंगे बसविली होती. एका बाजूने कार्बनच्या ठिणगीदिव्याचा प्रखर झोत सोडला, की थरथरणाऱ्या धाग्याची कित्येक शे पट मोठी सावली पलीकडच्या सरकत्या छायाचित्रपट्टीवर पडे. वेळेच्या उभ्या रेषा उमटाव्यात म्हणून झोतासमोर सायकलच्या चाकासारखे आऱ्यांचे चाक फिरत ठेवलेले असे.

या यंत्राचे पहिले वर्णन त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९०३ मध्ये त्याची सविस्तर माहिती जगापुढे ठेवली. यंत्राने काढलेली रेषा पाहून त्यांच्या आधीच्या गणिताचीही परीक्षा झाली. आकडेमोडीतून काढलेला आलेख आणि धाग्याने थेट काढलेला आलेख एकमेकांशी जुळले.

यंत्राचा पसारा मात्र अवाढव्य होता. त्याचे वजन सुमारे २७० किलो. ते दोन खोल्या व्यापी आणि चालविण्यास पाच माणसे लागत. तापणारा चुंबक थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसायचे, ही त्या वेळची तारा जोडण्याची रीत.

दीड किलोमीटरवरचा रुग्ण

असे यंत्र रुग्णालयात हलविणे शक्य नव्हते आणि गंभीर आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणेही योग्य नव्हते. या पेचातून आइंटहोवेन यांनी काढलेला मार्ग काळाच्या फार पुढचा होता. रुग्णालय ते प्रयोगशाळा हे सुमारे दीड किलोमीटरचे अंतर त्यांनी टेलिफोनच्या तारांनी जोडले. २२ मार्च १९०५ रोजी रुग्णालयात असलेल्या व्यक्तीच्या हृदयाचा आलेख या तारांवरून प्रयोगशाळेतील पट्टीवर उमटला. दूरवैद्यकाच्या इतिहासातील हा आरंभीचा टप्पा मानला जातो.

या दुव्यामुळे निरोगी हृदयाबरोबरच आजारी हृदयाच्या नोंदीही त्यांच्या हाती येऊ लागल्या. १९०६ मध्ये त्यांनी अलिंद व निलयांची वाढ, अवेळी पडणारे ठोके, हृदयातील विद्युतमार्ग पूर्णतः खंडित होणे अशा अनेक विकारांचे आलेख एकत्रितपणे प्रसिद्ध केले. कोणत्या आजारात रेषा कशी बदलते, याचा तो पहिला पद्धतशीर संग्रह म्हणावा लागेल.

उपकरण सर्वत्र पोहोचावे यासाठी उत्पादकांची गरज होती. म्युनिकच्या माक्स एडेलमान यांनी प्रारंभी ते बनविण्यास घेतले. मात्र काही काळाने त्यांनी आइंटहोवेन यांना स्वामित्वशुल्क देणे थांबविले. त्यानंतर इंग्लंडमधील केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने हे काम हाती घेतले. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस हे या कंपनीचे एक संस्थापक. कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र लहान करत आणले आणि १९११ च्या सुमारास ते मेजावर मावू लागले.

यंत्राच्या उपयुक्ततेविषयी सर्वांचीच खात्री होती असे नाही. खुद्द वॉलर यांना त्याचा रुग्णालयांत व्यापक वापर होईल, असे वाटत नव्हते. हा संशय दूर करण्याचे काम लंडनचे तरुण डॉक्टर थॉमस लुईस यांनी केले. रुग्णांमध्ये आढळणारी नाडीची पूर्ण अनियमितता अलिंदांच्या कंपनामुळे होते, हे त्यांनी १९०९ मध्ये आलेखांच्या आधारे दाखवून दिले. आइंटहोवेन आणि लुईस यांच्यात दीर्घ पत्रव्यवहार व स्नेह होता. एकाने उपकरण घडविले आणि दुसऱ्याने ते रुग्णाच्या खाटेपाशी सार्थ ठरविले. पुढे १९२० मध्ये न्यूयॉर्कचे हेरल्ड पार्डी यांनी हृदयविकाराच्या झटक्यात आलेखावर उमटणाऱ्या खुणांचे वर्णन केले आणि ई.सी.जी.ला आज असलेले महत्त्व येऊ लागले.

त्रिकोणाचे गणित

केवळ यंत्र देऊन आइंटहोवेन थांबले नाहीत. निरनिराळ्या शहरांतील डॉक्टरांनी काढलेले आलेख एकमेकांशी ताडून पाहता आले पाहिजेत, तरच त्यांना अर्थ, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी मापे ठरवून दिली. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकावी आणि एक मिलिव्होल्ट दाबाला रेषा एक सेंटिमीटर उंच जावी, ही प्रमाणे आजही सर्वसाधारणपणे पाळली जातात.

तारा कोठे जोडाव्यात, याचेही त्यांनी तीन जोड निश्चित केले. उजवा हात व डावा हात हा पहिला. उजवा हात व डावा पाय हा दुसरा. डावा हात व डावा पाय हा तिसरा. हे तीन बिंदू जोडले, की हृदयाभोवती एक काल्पनिक समभुज त्रिकोण तयार होतो. १९१२ मध्ये लंडनमधील व्याख्यानात आणि पुढील वर्षी सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी ही कल्पना मांडली. कोणत्याही क्षणी पहिल्या व तिसऱ्या जोडातील विद्युतदाबांची बेरीज दुसऱ्या जोडाइतकीच भरते आणि त्यांवरून हृदयातील विद्युतलहरीची दिशा काढता येते. आइंटहोवेन यांचा त्रिकोण या नावाने तो वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत कायम आहे. पुढील पिढीने त्यात छातीवरील सहा आणि हातापायांवरील आणखी तीन जोडांची भर घातली व आजचा बारा जोडांचा ई.सी.जी. सिद्ध झाला, पाया मात्र तोच राहिला.

सन्मान आणि ऋण

हृदयाच्या विद्युतआलेखाच्या कार्यतत्त्वाच्या शोधाबद्दल १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइंटहोवेन यांना जाहीर झाले, तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. पारितोषिकाचे रीतसर व्याख्यान त्यांनी १९२५ च्या डिसेंबरमध्ये दिले. लुईस यांच्या कार्याविना आपल्या शोधाला हे मोल आले नसते, याची त्या व्याख्यानात त्यांनी आवर्जून नोंद केली.

त्यांच्या यंत्रशाळेतील प्रमुख कारागीर व्हान डर वुर्ड यांच्याविषयी एक हकिकत हृदयविज्ञानाच्या इतिहासात सांगितली जाते. पारितोषिक मिळाल्यावर आइंटहोवेन यांनी आपल्या या जुन्या सहकाऱ्याचा शोध घेतला. तो निधन पावल्याचे समजले. त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढीत आहेत, असे कळताच त्यांनी पारितोषिकाच्या रकमेतील अर्धा वाटा त्या दोघींना दिला. गणित प्राध्यापकाचे असले, तरी केसाहून कितीतरी सूक्ष्म धागा न तुटता ध्रुवांमध्ये बसविणारे हात कारागिराचे होते. पारितोषिकावर एकाच व्यक्तीचे नाव कोरले जाते. त्यामागील ऋणाचा विसर आइंटहोवेन यांना पडला नव्हता, असेच या हकिकतीवरून दिसते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष आपल्याच धाग्याच्या नव्या उपयोगाकडे वळले. विद्युत अभियंता झालेल्या विलेम या मुलाच्या साथीने त्यांनी निर्वात पोकळीतील, आणखी बारीक धाग्याचे यंत्र विकसित केले. सातासमुद्रापलीकडून येणारे बिनतारी संदेश त्याद्वारे टिपता येऊ लागले. हा मुलगा पुढे जावातील बांडुंग येथील रेडिओ प्रयोगशाळेचा संचालक झाला. वडिलांची जन्मभूमी ही त्याची कर्मभूमी ठरली. दुसऱ्या महायुद्धात जपानी कैदेत १९४५ मध्ये त्याचा अंत झाला. ते पाहण्याची वेळ मात्र पित्यावर आली नाही. दीर्घ आजारानंतर २९ सप्टेंबर १९२७ रोजी विलेम आइंटहोवेन यांनी जगाचा निरोप घेतला. लायडनलगतच्या उखस्टखेस्ट येथील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

दोन खोल्यांतून मनगटावर

आइंटहोवेन यांच्या हयातीनंतर इलेक्ट्रॉनिक्सने धाग्याची जागा घेतली. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाअखेर पाठीवर वाहून नेण्याजोगे, सुमारे ३८ किलो वजनाचे नोंदयंत्र तयार केले. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद त्यामुळे शक्य झाली. २०१८ पासून तर मनगटी घड्याळातही ही सोय आली. एका मनगटावर घड्याळ बांधून दुसऱ्या हाताचे बोट त्यावर टेकवले, की आलेख उमटतो. हा आलेख म्हणजे उजवा हात ते डावा हात असा आइंटहोवेन यांनी ठरविलेला पहिलाच जोड होय. मिठाच्या पाण्याची भांडी, २७० किलोंचे यंत्र आणि पाच माणसे गेली. रेषा तीच राहिली.

वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवर काम करणारे विभाग आज भारतासह जगभरच्या विद्यापीठांत आहेत. आइंटहोवेन यांच्या काळी अशा विभागाचे नावही नव्हते. पाऱ्याच्या नळीने काढलेली रेषा तेव्हा अनेकांना पुरेशी वाटत होती. ती खोटी आहे, हे ओळखून खऱ्या रेषेसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणारा एक प्राध्यापक लायडनला लाभला. रुग्णालयातील पट्टीवर उमटणाऱ्या त्या पाच अक्षरांवर आज डॉक्टर निःशंकपणे विसंबतात, याचे कारण त्या आग्रहात आहे.